अनुभवाची अट का नाही?

प्रश्न : अमेरिकेत एखादं राज्यसुद्धा न चालवलेला माणूस थेट अध्यक्षपदाला उभा राहतो. आपल्याकडे तलाठ्यालाही परीक्षा द्यावी लागते. तिथे कारभाराच्या अनुभवाची अट का नसावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो तेव्हा दर चार वर्षांनी वर्गातून हाच प्रश्न यायचा. अमेरिकी राज्यघटना तीनच गोष्टी बघते : जन्माने नागरिकत्व, किमान 35 वर्षं वय आणि देशात 14 वर्षं वास्तव्य. बाकी पारख मतदारांनी करायची. अनुभवाची अट असती तर लिंकन अर्ज भरतानाच बाद झाले असते. इलिनॉय राज्यात आमदारकी आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, एकच मुदत, एवढीच त्यांची पुंजी. त्यांच्या आधीचे अध्यक्ष ब्यूकॅनन खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमधले राजदूत, परराष्ट्रमंत्री असं सगळं करून आलेले. देश फुटायला लागला तो त्यांच्याच डोळ्यांदेखत.

मला मात्र 1960 ची निवडणूक जास्त बोलकी वाटते. केनेडींविरुद्ध उभे असलेले निक्सन आठ वर्षं उपाध्यक्ष, प्रचाराचा सगळा भर अनुभवावर. ऑगस्टमध्ये पत्रकारांनी तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारलं, निक्सन यांची कोणती मोठी कल्पना तुम्ही स्वीकारलीत? आठवडाभर वेळ द्या, एखादी आठवेलही, असं ते म्हणाले! केनेडींच्या लोकांनी ते वाक्य उचलून थेट जाहिरातीत घातलं.

अर्थात केनेडींचा नवखेपणाही स्वस्तात पडला नाही. शपथेला तीन महिने व्हायच्या आत, एप्रिल 1961 मध्ये, क्यूबातलं कॅस्ट्रो सरकार उलथवण्याची, आधीच्या सरकारच्या काळापासून शिजत असलेली गुप्तचर संस्था सीआयएची योजना त्यांनी मान्य केली. सुमारे 1,400 क्यूबन निर्वासित क्यूबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्जला उतरले आणि त्यातले हजारावर पकडले गेले. पुढे ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा लष्करप्रमुख हवाई हल्ल्यासाठी हटून बसले होते. केनेडींनी नाविक नाकेबंदी निवडली. सल्लागारांनी बिनधास्त बोलावं म्हणून काही बैठकांना ते मुद्दाम गेलेच नाहीत. ही अक्कल खुर्चीत बसल्यावर आली, तीही दुसऱ्यांच्या जिवावर, हे तुमच्या बाजूने मान्य करतो.

म्हणून अट नको, पण मी तिथला मतदार असतो तर गव्हर्नर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, राज्य चालवणारा) राहिलेल्या उमेदवाराचे कागद आधी काढले असते. त्याने मांडलेला अर्थसंकल्प, वापरलेला नकाराधिकार, पुराच्या वेळी दिलेले आदेश, सगळं त्याच्या सहीनिशी सापडतं. सिनेटरचं काय, शंभरातलं एक मत.