तळजाई सोडू नका, वेळ बदला

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५८, राहायला सहकारनगरला. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. पहाटे उठले की गोळ्या घेऊन रिकाम्या पोटीच तळजाईवर जाते, नाश्ता परत आल्यावर. गेल्या महिन्यात उतरताना हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मैत्रिणीने बिस्किटं दिली, मग बरं वाटलं. आता घरचे म्हणतात, चालणं बंद कर, घरकाम होतंच की. मला टेकडी सोडवत नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, टेकडी मुळीच सोडू नका. अशा एका प्रसंगाने घाबरून चालणं कायमचं बंद केलेल्या बायका मी पाहते, तेव्हा फार हळहळ वाटते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची शुगर लो झाली असावी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती न्याहारीबरोबर घ्यायची असते. त्यातच चढ चढताना पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा असं होत नाही. तरीही घाम आणि अंधारी हृदयाच्या तक्रारीतही येते आणि मधुमेहात छातीत दुखेलच असं नाही. म्हणून हा प्रसंग तुमच्या डॉक्टरांना सांगा, ईसीजी काढून घ्या. तोवर चढ नको, सपाटीवर चाला.

गोळी मनाने कमी करू नका. आधी न्याहारी, तिच्याबरोबर गोळी, मग थोड्या वेळाने चालणं असा क्रम लावा. पहाटेची हवा आणि मैत्रिणींची सोबत सुटेल, हे मला कळतं. त्या सकाळी उशिरा यायला तयार होतात का, विचारून तर बघा.

खिशात बिस्किटांऐवजी ग्लुकोज पावडर ठेवा. बिस्किटातल्या मैद्या-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. थरथर सुटली किंवा ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, की तीन-चार चमचे पाण्यात घालून प्या, १५ मिनिटं बसा, पुन्हा तपासा. सावरल्यावर पोळी किंवा काहीतरी खा, मगच घरी निघा.

घरकामाचं म्हणाल, तर ओट्याशी उभं राहून भाजी चिरणं म्हणजे व्यायाम नव्हे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागायला हवा. असं आठवड्यातून १५० मिनिटं. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, कारण व्यायामाने इन्सुलिनला मिळणारी मदत एक-दोन दिवसच टिकते. पुण्यात रात्रीचं जेवण नऊला आणि लगेच मालिका, हे तर मला सगळ्यात खटकतं. जेवल्यावर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं फिरा. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खाली येते.

पावसाळ्यात टेकडीची वाट निसरडी होते. तेव्हा घरात हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं करा. मांड्यांना बळ हवंच, तिथेच तर सगळ्यात जास्त साखर खपते. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा मोह झाला, तर त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावणं धोक्याचं ठरतं.

चपलेवर चालू नका. मोजे आणि बंद बूट घाला, रात्री तळपाय आरशात बघा. संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेला कळतही नाही.

आठवडाभर चालण्याआधीची आणि नंतरची साखर वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवायचा की बदलायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.