पाठिंब्याच्या पत्राआधी मतदार यादी

प्रिय मित्रा,

युनियनचं सरचिटणीसपद आता तुझ्याकडे आहे. विधानसभा जवळ आली की उमेदवार तुझ्या दारात येतील आणि प्रत्येक जण लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र मागेल. पत्र द्यायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. त्या पत्रामागे किती मतं आहेत, हे त्याच्याआधी तुला स्वतःला माहीत हवं.

अमळनेरला प्रताप मिल जोरात होती तेव्हा हा हिशेब सोपा होता. कामगार मिलच्या आसपासच राहायचे, त्यामुळे गेटवरची सभा आणि वस्तीतलं मतदान यांत फारसं अंतर नव्हतं. आज जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात एका पाळीवर शेजारी उभे असलेले तिघे तीन मतदारसंघांत मत देतात: एक जळगाव शहरात, धरणगावचा जळगाव ग्रामीणमध्ये, एरंडोलचा एरंडोलमध्ये. खान्देशात विधानसभेच्या वीस जागा आहेत आणि एकेका मतदारसंघात साधारण तीन लाख मतदार. हजार सभासद तीन मतदारसंघांत वाटले गेले तर उमेदवार चहा पाजून वाटेला लावतो.

म्हणून पहिलं काम रजिस्टरचं. प्रत्येक सभासदाचं नाव, मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, त्यातला अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहून घे. घरातल्या माणसांचीही नोंद कर, पण यादीत डोळ्यांनी पाहिलेलीच नावं धर. ‘एका सभासदामागे पाच मतं’ असा गुणाकार पुढाऱ्यांना फार आवडतो आणि तिथेच युनियनची पत जाते. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं जाहीर होतात. दहा हजारांचा शब्द दिलेला आणि केंद्रांवर तितकं काही दिसलं नाही, तर पुढची पाच वर्षं तुला कोणी विचारणार नाही. ज्याचं नाव यादीत नाही त्याचा फॉर्म ६ भर, पत्ता बदललेल्याचा फॉर्म ८. पात्रतेसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखा आहेत. शेवटच्या आठवड्यात बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, मागे धावून काही होत नाही.

गेटवरचा कामगार गावी गेला की भाऊबंदकी, जात आणि सोसायटीचं कर्ज बघून मत देतो. त्याला दोष देऊ नकोस. त्याच्या पगाराशी भिडणारी एकच मागणी पुढे ठेवलीस, तर तो तुझं ऐकेल. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती सालदारांची मजुरी आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी या प्रश्नांवर. प्रश्न नेमके होते, म्हणून माणसं उभी राहिली.

मागणी निवडताना ती कोणाच्या हातात आहे ते बघ. भुसावळच्या रेल्वेचे किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीचे प्रश्न केंद्राचे आहेत. त्यावर आमदाराकडून आश्वासन घेणं म्हणजे रिकामा कागद घेणं. किमान वेतनाचे दर, एसटी, अंगणवाडी सेविकांच्या मानधनातला राज्याचा वाटा, बांधकाम कामगार मंडळ, दीपनगरच्या वीज केंद्रातले कंत्राटी कामगार हे राज्याचे विषय आहेत. तिथे जोर लाव, आणि वेळेत लाव. २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. आचारसंहितेत नवा शासन निर्णय निघत नाही, तेव्हा हाती फक्त भाषणं येतात. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी मागणी लेखी दे आणि पावसाळी अधिवेशनापर्यंत पाठपुरावा कर. बांधकाम कामगारांना मंडळाकडून मिळणाऱ्या भांडी संचावर कोणाचा फोटो आहे, यावर वेळ घालवू नकोस. मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला किती जणांना मिळाला आणि किती जणांची नोंदणी अडली, ही यादी हाती ठेव. उमेदवाराला तिचंच उत्तर विचार.

कायद्याच्या बाजूने चार ठिकाणी माणसं अडकतात. युनियनची साधी वर्गणी निवडणुकीवर खर्च करता येत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातल्या कलम १६ पासून चालत आलेला नियम असा की राजकीय निधी वेगळा ठेवायचा, तो ऐच्छिक असतो आणि त्या निधीचा कारभार सोडला तर न देणाऱ्याचा कोणताही हक्क काढता येत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करू नकोस. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर ते वाटू नकोस. आणि रेल्वे किंवा आयुध निर्माणीतल्या माणसाला कोणाचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसवू नकोस. आयुध निर्माण्यांच्या २०२१ मध्ये कंपन्या झाल्या, पण तेव्हा जुने कामगार प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी कर्मचारीच राहिले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४-अ सरकारी कर्मचाऱ्याला लागू पडतं, शिवाय सेवानियम आहेतच. गेटवरच्या उत्साहापायी एखाद्याची नोकरी धोक्यात आणणं युनियनला शोभत नाही.

नंदुरबार-साक्रीकडे तुझे सभासद असतील तर अडचण निराळी. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, आणि मतदान नोव्हेंबरात असलं की नावं गावात, माणसं फडात. उमेदवार गाड्या पाठवायला तयार होतो. मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर नेणं हा कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो, त्या भानगडीत पडू नकोस. मुकादमाशी टोळी निघण्याआधीच बोल, उचलीचा (आगाऊ रकमेचा) करार होतानाच मतदानाच्या सुट्टीचं ठरव आणि एसटीच्या वेळा प्रत्येक टोळीला कळव.

बैठका माणसांच्या बोलीत घे. धुळे-साक्रीकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. मराठी भाषणाला माना डोलतात, पण यादीतली चूक आपल्या बोलीतच सांगितली जाते. पुढच्या बैठकीला येताना रजिस्टरची पहिली पन्नास नावं भाग क्रमांकासह लिहून आण, मग आपण मागणीच्या मसुद्याला हात घालू.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता