कॅन्सर रजिस्ट्रीतलं काम म्हणजे नुसती डाटा एन्ट्री का?

प्रश्न: मी बीडची, बीएस्सी झालेय. कॅन्सर रजिस्ट्रीत काम करावं म्हणते, पण घरचे म्हणतात टायपिंगच ते. खरंय का?

उत्तर: छे, कॅन्सर रजिस्ट्री म्हणजे एखाद्या भागातल्या कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवायची, त्यात बसणं कमी अन् फिरणंच जास्त. माहिती आपणहून चालत येत नाही, आपणच दवाखान्यात, पॅथॉलॉजी लॅबमधे जाऊन रजिस्टरं चाळायची, मृत्यूच्या नोंदी बघायच्या, मग कॅन्सर कुठल्या अवयवाचा त्याचा कोड टाकायचा, स्तनाला सी-५०, गर्भाशयमुखाला सी-५३ असं. खरी डोकेदुखी डुप्लिकेटची! एकच बाई बीडला माहेरच्या नावानं, बार्शीला सासरच्या, अन् पत्त्यात नुसतं गाव, मग वय, बायोप्सीची तारीख जुळवत बसा. शेजारच्या बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ पासून चालूय, आधी तिथं विचारून बघा. अन् पेशंटचं नाव घरीसुद्धा काढायचं नाही, हे आत्ताच घरच्यांना सांगून ठेवा.