औषधाचा ‘पुनर्वापर’ म्हणावे का?

ऐरोलीच्या एका वाचकाची विचारणा आहे : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या फलकासाठी ‘जुन्या औषधांच्या पुनर्वापराने मानवी पेशींत विषाणूंचे पुनरुत्पादन रोखणे’ असे शीर्षक केले आहे, ते चालेल का?

‘पुनर्वापर’ नको. कोपरखैरण्याला सांडपाणी शुद्ध करून एमआयडीसीतल्या कारखान्यांना देतात, तो पुनर्वापर. औषधाला हा शब्द लावला की घरात उरलेल्या गोळ्या पुन्हा घ्यायच्या, असा भलताच अर्थ निघू शकतो. शिवाय ‘पुन्हा’ दर वेळी खरे नसते. झिडोव्ह्युडिन १९६४मध्ये कर्करोगासाठी तयार केले, ते चालले नाही, बाजूला पडले आणि १९८७मध्ये अमेरिकेत एचआयव्हीसाठी मंजूर झाले. आधी वापरच नव्हता, तर पुनर्वापर कसला? ‘ज्ञात औषधांचा नवा उपयोग’ लिहा. ‘पुनरुद्देशन’ही करता येईल, पण फलकापुढे उभा राहून तो कोण उलगडणार!

‘पुनरुत्पादना’ऐवजी ‘प्रतिकृती तयार होणे’ बरे, कारण विषाणू एकट्याने काहीच निपजवत नाही. पेशीची यंत्रणा राबवून नकला काढून घेतो. मात्र औषध नेमके कुठे आडवे येते ते आधी पाहा. रेमडेसिव्हिर विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याची, नक्कल करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कामात अडथळा आणते. तिथे ‘प्रतिकृती रोखणे’ चपखल. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या दाहावर दिले जाणारे कॅमोस्टॅट पेशीच्या पृष्ठभागावरचे, विषाणूला आत शिरायला मदत करणारे टीएमपीआरएसएस-२ हे विकर बंद पाडते. तिथे ‘प्रवेश रोखणे’च म्हणायला हवे.

‘मानवी पेशी’ हे शब्दही तपासून घ्या. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हेरो पेशी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. क्लोरोक्विनने त्यांच्यात करोना विषाणू अडवला, माणसाच्या फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींत नाही. हे औषध पेशीतल्या पुटिकांची, म्हणजे इवल्या पिशव्यांची, आम्लता घटवते आणि व्हेरोत विषाणू त्याच वाटेने शिरतो. कॅलू-३मध्ये टीएमपीआरएसएस-२ असल्याने तो थेट पृष्ठभागावरूनच घुसतो.

आणि ‘रोखले’ लिहाल तिथे मात्रा द्या. समजा, विषाणू निम्म्यावर यायला औषध ५ मायक्रोमोलर (द्रावणातल्या तीव्रतेचे एकक) लागते आणि निम्म्या पेशी ८लाच मरतात. गुणोत्तर जेमतेम १.६. अशा वेळी विषाणू घटलेला दिसतो तो बहुधा पेशीच मरत असल्यामुळे, आणि त्याला ‘रोखणे’ हे क्रियापद लागू होत नाही.