बायोप्लास्टिकला झाडाच्या धाग्यांचा आधार

प्रश्न: पीएलए म्हणजे ते मक्यापासून बनणारं प्लास्टिक, गरम पाणी ओतलं की मऊ पडतं आणि वाकवलं की कटकन तुटतं. त्यात वनस्पतींचं नॅनोसेल्युलोज घातलं की ते मजबूत होतं म्हणे, खरंय का? आणि मग ते कुजतं का?

उत्तर: खरंय, पण अर्धंच. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. नॅनोसेल्युलोजचे कण, म्हणजे लाकूड किंवा कापसाचा लगदा ॲसिडमध्ये ठेवून त्यातला ढिला भाग विरघळवला की उरतात ते स्फटिक, जाडीला ५ ते २० नॅनोमीटर आणि लांबीला त्याच्या कितीतरी पट, प्रचंड ताठ. वजनाच्या १ ते ५ टक्के घातले तरी प्लास्टिकचा ताठपणा वाढतो आणि ऑक्सिजनही कमी आरपार जातो. पण ताठ म्हणजे चिवट नव्हे हं, कटकन तुटायचं दुखणं नुसत्या याने जात नाही.

खरी डोकेदुखी मिसळण्याची. सेल्युलोजला पाणी आवडतं, पीएलएला नाही, त्यामुळे कण वाळवले की एकमेकांना घट्ट चिकटून गुठळ्या होतात आणि नेमका तिथूनच तडा जातो, म्हणून आधी कणांच्या पृष्ठभागावर केमिकल प्रक्रिया करतात, ज्याने खर्च वाढतो. माझ्या मते सगळा खेळ इथेच अडलाय.

कुजण्याचं म्हणाल तर सेल्युलोज आपसूक कुजतं, पण पीएलएला ५८ अंशांच्या आसपास तापणारं इंडस्ट्रियल कंपोस्टिंग लागतं, नॅनोसेल्युलोज घातलं तरी ती अट सुटत नाही.