'सहसा' म्हणजे युजवली का?

एका ताईंनी विचारलंय, मुलगा आठवीत आहे, इंग्रजीच्या पेपरात 'आय रेअरली डोन्ट ईट आउटसाइड' असं लिहून आला, बाईंनी लाल रेघ मारली, घरी विचारलं तर म्हणतो मला 'मी सहसा बाहेर खात नाही' असंच म्हणायचं होतं, मग चुकलं कुठं. आणि रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर यांच्यात फरक काय.

ताई, पोराचं डोकं बरोबर चाललंय, फक्त नकार दोनदा पडलाय. रेअरलीच्या पोटातच 'नाही' आहे, त्यावर अजून डोन्ट टाकला की अर्थ उलटा होतो, म्हणजे बाहेर न खाण्याची वेळच क्वचित येते, म्हणजे पोरगं रोज संध्याकाळी गाड्यावर उभं!

चूक आली ती आपल्या मराठीतून. सहसाला मागं 'नाही' लागतं. 'मी सहसा सकाळी चहा घेतो' असं लोक लिहितात आजकाल, पण माझ्या कानाला ते खटकतंच, तिथं 'बहुतेक वेळा' किंवा 'शक्यतो' बरं वाटतं. युजवलीला असलं काही बंधन नाही, ते हो आणि नाही दोन्हीकडं चालतं. रेअरलीचा खरा जोडीदार म्हणजे 'क्वचित', 'मी क्वचित बाहेर खातो', क्रियापद सरळ, नाही कुठंच नाही. पोराला सांगा, रेअरली लिहिताना डोक्यात क्वचित आण, सहसा आणू नको. (सहसाची अजून एक गंमत, संस्कृतात आणि हिंदीत त्याचा अर्थ 'अचानक'. आपल्याकडंच ते असं कसं निवांत झालं काय की.)

सेल्डम आणि रेअरलीत अर्थाचा फरक जवळपास नाही, सेल्डम जरा पुस्तकी, बोलताना कमी येतं. हार्डली एव्हर बोलण्यातलं. त्यातल्या हार्डलीचा कष्टाशी संबंध लावू नका, ते आपलं 'जेमतेम'.

नेव्हरचं पण हेच. नेव्हर म्हणजे कधीच असं पाठ करून घेतात, पण नुसत्या 'कधीच'मध्ये नकार नाहीच, तो मागच्या 'नाही'त आहे, म्हणून पोरं 'आय नेव्हर डोन्ट गो' लिहितात. आमच्या ऑफिसात चेन्नैहून एक जण आला होता, मराठी शिकायची लई हौस, वहीत लिहून ठेवायचा. एकदा स्टँडवर त्यानं तुळजापूरची गाडी विचारली, कंट्रोलर मान वर न करता म्हणाला, 'कधीच गेली.' ह्यानं वहीतला अर्थ लावला, गाडी कधी जातच नाही, मग फलाटावर बोर्ड कशाला लावलाय! 'कधीच गेली' म्हणजे बऱ्याच वेळापूर्वीच गेली, लाँग अगो, आणि 'कधीच गेली नाही' म्हणजे नेव्हर. एका 'नाही'नं एवढा फरक.

समटाइम्स म्हणजे कधीकधी, समटाइम म्हणजे कधीतरी. 'ये की कधीतरी घरी' यात एस नको, बस.

ऑफन आणि फ्रीक्वेंटली दोन्हीला आपण बऱ्याचदा, वरचेवर म्हणतो. 'वारंवार' मात्र जपून वापरा, त्यात वैताग असतो. वारंवार लाइट जाते, पाहुणे वरचेवर येतात. पाहुणे वारंवार येतात म्हणालात तर पाहुण्यांना कळतं.

आणि एव्हरी अदर डे म्हणजे 'दिवसाआड', 'प्रत्येक दुसऱ्या दिवशी' असलं ओढूनताणून भाषांतर नको. ह्या शब्दात सोलापूरकरांचा हात कोण धरणार, आपलं पाणीच दिवसाआडच्या भाषेत येतं. तरी घोळ आहेच. सोमवारी पाणी आलं तर 'चार दिवसांनी' म्हणजे शुक्रवारी, आणि 'चार दिवसाआड' म्हणजे मधे चार दिवस कोरडे, शनिवारी. इंग्रजीत असाच घोळ बायवीकलीचा, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेले असतात. त्यापेक्षा फोर्टनाइटली स्वच्छ, फोर्टनाइट म्हणजे मुळात 14 रात्री, आपण मात्र त्यालाच पंधरवडा म्हणतो, एक दिवस आपला जास्त.

आमच्या गल्लीत शुक्रवार की शनिवार यावर दोन काकूंचं दरवेळी वाजतं. घागरी मात्र दोघी शुक्रवारीच मांडतात.