सिंहांच्या वाटेवरची पावलं

प्रश्न : टांझानियात न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीला सफारीसाठी निघालोय. वाटेत ओल्डुवाई घळीपाशी थांबावं का? मुलांना फक्त सिंह बघायचेत.

उत्तर : थांबाच! फाटा तुमच्या वाटेवरच आहे. १९५९ मध्ये पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांना इथेच सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश कवटी सापडली. मी मात्र सर्वांत जास्त रेंगाळले ती संग्रहालयात, लाएटोली या ठिकाणच्या पाऊलठशांच्या प्रतिकृतीपाशी. ज्वालामुखीच्या ओल्या राखेतून ३६ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत गेलेल्यांची ती पावलं. टाच, अंगठा, सगळं ओळखू येतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांना तिथे घाई करू नका. मूळ ठसे दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहेत, जतनासाठी पुन्हा मातीखाली झाकलेले. घळीतला एकही दगड उचलू नका. तो कुणाचं तरी हत्यार असू शकतो.